हे माइकवर बोलत नाहीत

८ डिसेंबर, रवि.

पहिला नंबर! सोन्या-बादशाची जोडी अशी सुटली की माझ्या शेजारची बाई "व माय" म्हणेपर्यंत पलीकडच्या झेंडीपाशी. शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती लहानपणापासून बघते, पण अजून एका जागी बसवत नाही.

मग ते झालं. बक्षिसाला स्टेजवर बोलावलं. जोडीचे मालक म्हणून दादाराव पाटील, गुलाबी फेटा. जोडी तयार करणारे म्हणून आमचे हे, डोक्याला टॉवेल. पाहुणे म्हणून एक पुढारी आले होते, त्यांनी स्वतः माइक ह्यांच्या तोंडापुढे धरला. "भानुदासभाऊ, सांगा लोकायले, जोडी कशी जिकते?" हे माइककडे बघत राहिले, जसा काही तो फिरून चावेल. मी मनात म्हणतेय, बोला हो, धन्यवाद तरी म्हणा. शेवटी म्हणाले, "बैल तहानले असतीन." आणि उतरले खाली.

हशा झाला. पाटलांचं तोंड उतरलं. पुढाऱ्याच्या हातात शाल तशीच.

येताना टेम्पोत मी एक शब्द बोलले नाही. ह्यांना ते कळलं की नाही, देव जाणे.

९ डिसें.

राग गेला. कसा गेला ते लिहून ठेवते.

माझी शिलाई मशीन आणि बैलांचा कोठा, मध्ये एक भिंत. वर टिनाखाली वीतभर उघडी. संध्याकाळी मी ब्लाऊजला हुक लावत होते आणि पलीकडे हे बैलांना सरकीची ढेप चारत सुरू. "तुह्या मालकीनबाई रागावल्या बाप्पा. बरोबर हाय त्यायचं. पण ते माइकवाले कसे पाह्यतात आपल्याकडं, सोन्या, जसं का आता गानं म्हणून दाखोतो आपुन." मग तुरीचा भाव. मग माझी कंबर दुखते, मशीनला मोटर लावून घेतली पाहिजे. मग आमच्या लेकीचा, तेजूचा, अकोल्याहून फोन आला नाही. मला ह्यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही कधी.

लग्न झालं तेव्हा वाटायचं, मुका नवरा पदरी पडला. पहिल्या पावसाळ्यात भिंतीतून आवाज आला आणि मी हातातली परात टाकून पळत गेले, कोण आलं म्हणून. कोणी नाही. हे आणि एक म्हातारा बैल.

तेव्हापासून घरातल्या बातम्या मला अशाच कळतात.

१३ डिसें.

"बैल तहानले असतीन" मोबाईलवर गावभर झालंय. ब्लाऊज शिवायला आलेली रुपाली मलाच दाखवते. खाली कोणी लिहिलंय, मानूस हाय का दगड. कोणी लिहिलंय, पहिला नंबर आला की घमेंड येतेच.

घमेंड! ह्यांना!

दुपारी दा. पाटील आले. गाडीतून उतरताच आवाज, अर्ध्या गावाला कळावं असा. माणूस वाईट नाही. बैलांवर जीव. सोन्या-बादशा वासरं होती तेव्हापासून हे सांभाळतात, पण पाटील दर आठवड्याला येऊन दोघांच्या पाठीवर हात फिरवून जाणारच. आज मात्र बसले नाहीत.

"भानुदास, जोडी तुह्या हातात सोनं झाली, मी नाई म्हनत नाई. पन चार लोकाइत माही मान खाली गेली. आता जानेवारीत आपल्या गावात पट हाय. माह्या वावरात. सोयरे येतीन, जावई येतीन. तवा तरी मानसावानी वाग."

हे म्हणाले, "हो."

"काय हो? बोलशीन का?"

"जोडी पळीन."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप पुढे केला. दुसरं काय करणार.

२० डिसें.

सकाळी हे जोडी घेऊन निघतात ते मी आज नीट बघितलं. पळवत नाहीत. नुसतं चालवतात, गोंगाटाची सवय व्हावी म्हणून. चक्कीसमोरून, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी शाळेसमोरून, लग्न असलं तर बँडच्या मागून. कासरा इतका ढिला की जमिनीला लागतो. हातात टोचायची तुतारी नाही, काडी नाही.

सुदाम वाटेत भेटला. तोही जोड्या तयार करतो, पण त्याचं सगळं माइकवर. पटाच्या दिवशी गॉगल लावतो, जोडीची नावं तोच ओरडतो, लोकांना आवडतो. मलाही आवडतो खरं तर. ह्यांना म्हणाला, "भानुभाऊ, एवढे गप कायले राह्यता? थोडं बोलत जा. लोक बैलावर नाई, बोलन्यावर खूष होतात." हे हसले. सुदाम मला म्हणाला, "वयनी, हसले! याले म्हनतात पट जिकनं."

२८ डिसें.

तेजू सुट्टीला आली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. आल्या आल्या कोठ्यात जाऊन बसली बापाजवळ. मी भिंतीकडे कान दिला तर दोघं गप. नंतर विचारलं, काय बोलले बाबा? म्हणे, काही नाही, बरं वाटलं.

हिलाही तोच रोग.

१५ जाने.

काल संक्रांत. हळदीकुंकवाला पाटलांकडे गेले. काकूंनी, म्हणजे पाटलांच्या मिसेसनी, वाण दिलं, स्टीलचा डबा. बायका लागल्या चिडवायला. "वंदना, घरी तरी बोलतात का व तुहे मालक?" "भांडन कसं करता मग तुमी?" मी म्हटलं, भांडायला मी एकटी पुरते. सगळ्या हसल्या. मीही.

मग एक जण म्हणाली, "गप मानसाचा भरोसा नसते बाई. पोटात काय हाय समजत नाई." ते मात्र घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

आज सलीमभाई वाशीमहून आले. पटाआधी दोन्ही बैलांच्या खुरांना नव्या पत्र्या, म्हणजे नाल, ठोकायच्या. त्यांचे वडील नालबंद, हेही नालबंद. आमच्या सासऱ्यांच्या बैलांपासून ह्याच घराचा हात. ह्यांना जगात एक मित्र, तो हा. सलीमभाई बोलतात आणि हे ऐकतात, दोघंही खूष.

"वयनी, चाय में अद्रक डालो आज. ठंड लय हाय." चष्मा शर्टाला पुसून पुसून लावत होते. पत्री जमिनीवर ठेवली आणि हाताने चाचपत राहिले, ती तिथेच होती. ह्यांनी न बोलता उचलून हातात दिली.

सोन्याच्या पुढच्या डाव्या पायाला वेळ लागला. बैलाने पाय झटकला. सलीमभाई म्हणाले, "आज नखरा करून राह्यला हा."

१९ जाने., रवि.

नीट लिहिता येत नाहीये.

पाटलांच्या वावरात पट. मांडव, खुर्च्या, पाटलांचे सोयरे पहिल्या रांगेत, जावयाच्या गळ्यात हार. माइकवर सुदाम. सोन्या-बादशाचं नाव घेतलं तर अशा शिट्ट्या. जोडी आणली. मी काकूंच्या बाजूला बसलेली. धुरकरी प्रकाश छकड्यावर चढला, कासरे हातात घेतले. झेंडी वर.

आणि हे पुढे गेले. सोन्याच्या खांद्यावरून हात खाली नेला, पायापर्यंत. उभे राहिले. छकडा सोडला. जोडी फिरवली आणि सगळ्या मैदानासमोरून चालत घेऊन गेले. मागे वळून नाही, काही नाही.

मग एकच गोंधळ. सुदाम माइकवर म्हणतोय, "भानुभाऊ, काय झालं, सांगा तरी!" पाटील खुर्चीतून उठून धावले, फेटा सुटला. "काहून? अरे काहून?" हे म्हणाले, "नाई पळत आज." एवढंच. तीन शब्द, आणि गावभर सोयऱ्यांसमोर.

मागून कोणी ओरडलं, "सेटिंग झाली! पैसे खाल्ले!" मग ते सगळ्यांच्याच तोंडी. मला वाटत होतं कोणीतरी त्याला गप करेल. पाटील करतील. त्यांनी केलं नाही.

संध्याकाळ. भिंतीपलीकडून ऐकलं. हे सोन्याचा पाय पाण्यात धरून बसले होते. "खिळा जित्या मासात गेला रे लेका तुह्या खुरात. किती दुखलं असीन. काढला आता. सलीमनं का मुद्दाम केलं? डोळे गेले त्याचे, अन् सांगत नाई कोनाले. त्याच्या हातचं कामच गेलं त मंग राह्यलं काय. आपुन नाई सांगाचं कोनाले. समजलं का? तू बी नको सांगू."

मी मशीनवर डोकं ठेवून रडले.

२० जाने.

सकाळी ढोरांचे डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. विचारलं, काय रुतलं? हे म्हणाले, "काटा." माझ्यासमोर पहिल्यांदा खोटं बोलताना पाहिलं ह्यांना. कान लाल झाले होते.

दुपारी पाटलांची दोन माणसं टेम्पो घेऊन हजर. जोडी न्यायची. पाटील स्वतः आले नाहीत. ह्यांनी दावी सोडून दिली, झुली घडी करून दिल्या, मी शिवलेल्या. एवढंच म्हणाले, "पंधरा दिवस पळवू नका सोन्याले." त्यातला एक हसला. "आता हे बी तुमीच ठरवसान का?"

बादशा टेम्पोत चढेना. हे मागून जाऊन त्याच्या पुठ्ठ्याला पाठ लावून उभे राहिले. चढला.

२४ जाने.

कोठा रिकामा. मशीनवर बसलं की पलीकडे काही नाही. किती दिवसांनी पहिल्यांदा मला भीती वाटली. हे तूर कापायला जातात, येतात, जेवतात, झोपतात. आता खरंच गप.

२७ जाने.

चक्कीवर दळण आणायला गेले. तिथे दोघी जणी. "घर बांधून राह्यले म्हन आता." "काहून नाई, पाटलाच्या जोडीवर." मी पिठाचा डबा खाली ठेवला आणि जे तोंडात आलं ते बोलले. काय बोलले आठवत नाही, पण चक्कीवाल्याने मोटर बंद केली एवढं आठवतं. खरं मात्र सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं.

घरी येऊन ह्यांना सरळ विचारलं. "मले माहीत हाय खिळ्याचं. मी भिताडातून आयकते. रोज आयकते. आता पाटलाले जाऊन सांगा, नाई त मी जाते."

हे माझ्याकडे बघतच राहिले. भिंतीकडे पाहिलं, वर टिनापर्यंत. मग मला वाटलं हसतील, पण नाही.

"सगळं आयकते?"

"सगळं."

मग म्हणाले, "सलीमचं नाव नाई घ्याचं. तुले माही आन हाय."

आन घातली. आता काय करू.

३१ जाने.

सलीमभाई आले. बोलावलं नव्हतं. सायकल लावली, बाजेवर बसले. "वयनी, वाशीमपर्यंत आवाज आला. भानुदासनं पैसे खाल्ले म्हणतात. मी म्हनलं, भानुदास? जो मानूस चहाचे पैसे देताना बी लाजते?" मग हळू आवाजात. "पन बैल काढला काहून त्यानं? कोनता बैल होता? कोनता पाय?"

हे तुरीच्या ओझ्याखाली, ऐकून न ऐकल्यासारखे. मला आन. मी चहा दिला. कप त्यांच्या हातात नीट दिला, बोटांना लावून. आणि माझ्या तोंडून निघालं, "सलीमभाई, डोळे दाखवून या एकदा."

बस. एवढंच बोलले मी.

त्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच. माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघत राहिले. "डावा होता ना," म्हणाले. "पुढचा." हे ओझं उतरवायला लागले. सलीमभाई उठले, सायकल काढली, चढले नाहीत, हातात धरून चालत गेले रस्त्यापर्यंत.

हे माझ्यावर रागावलेत की नाही, सांगायला कोठ्यात कोणी नाही.

२ फेब्रु., रवि.

आज जे झालं ते सगळं लिहायचंय. उद्या विसरायचं नाही.

सकाळीच सलीमभाई ऑटो घेऊन दारात. "चला दोघं. पाटलाकडं." हे नको म्हणाले. सलीमभाई म्हणाले, "नाई येशीन त मी तुह्या दारात बसतो इथंच, अन् तुले माहीत हाय मी किती बोलतो." गेलो.

पाटील ओसरीवर पेपर वाचत. काकू आतून आल्या. जोडी अंगणात बांधलेली, सोन्या बादशापेक्षा वाळलेला दिसला मला. पाटलांनी ह्यांना बस म्हटलं नाही.

सलीमभाई उभ्यानेच बोलले. "पाटीलसाहेब, खिळा माह्या हातानं चुकला. दोन्ही डोळ्यात पडदा आला हाय. मले माहीत होतं, कोनाले सांगतलं नाई, कामं जातीन म्हनून. बैल लंगडला असता, मेला बी असता. यानं पाह्यलं, काढून घेतलं. अन् माह्यापायी तोंड शिवून बसला."

पेपर खाली गेला. पाटील सोन्याच्या पायाकडे बघत राहिले. मग ह्यांच्याकडे वळले, आणि आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं मला. "अन् तू? माह्या कानात एक सबूद नाई सांगता आला? मी का सलीमले फासावर देनार होतो? माह्या वावरात, माह्या सोयऱ्यापुढं, मले येड्यावानी धावा लागलं. हे समजलं का तुले?"

ह्यांचे कान लाल. मला वाटलं, झालं. आता उठून जातील, आणि सगळं आहे तिथेच.

गेलेही. पण दाराकडे नाही, बादशाकडे. त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बोलायला लागले. घरी बोलतात तसं. हळू, एका सुरात, जसे काही आम्ही कोणी तिथे नाहीच.

"काय रे, खाल्लं का? बरोबर बोलले मालक. सांगाचं होतं मी. चुकलं माहं. पन मालकाचा आवाज मोठा हाय बाप्पा. एकाले सांगतलं का मांडवभर होते. मंग सलीम कुठं जाईन? म्हनून गप बसलो. मालकाची मान खाली गेली, ते दिसलं मले. झोप नाई आली." हात बादशाच्या मानेवरून सोन्याकडे गेला. "पन लोक मले चोर म्हनत होते, तवा मालक गप बसले. ते लागलं. अन् तुमाले न्यालं, तवा इचारलं नाई का सोन्याचा पाय कसा हाय म्हनून. ते त्याहून लागलं."

काकूंचा पदर तोंडाला. ह्या माणसाचं एवढं बोलणं एका दमात मी सोडून कोणी ऐकलं नव्हतं कधी, आणि मीही भिंतीतूनच.

पाटील उठले. वय झालंय, गुडघ्यावर हात ठेवून. ओसरीच्या पायऱ्या उतरून सोन्याजवळ गेले. दोघांच्या मध्ये दोन बैल. पाटील सोन्याच्या कानाशी वाकले, आणि आपल्या त्याच आवाजात, जो गल्लीत ऐकू जातो, म्हणाले, "सोन्या, सांग त्याले. म्हनावं, मालक बी चुकला."

सलीमभाई पहिले हसले. मग काकू. मग पाटील स्वतः, डोळे पुसत. हे हसले नाहीत, पण बादशाच्या मानेत तोंड घातलं आणि खांदे हलत होते, हसू होतं की काय ते मला ठाऊक नाही.

काकू म्हणाल्या, "आता मानसं मानसावानी बसा, मी पोहे टाकतो."

५ फेब्रु.

जोडी आली. पाटील स्वतः टेम्पोत बसून. गावात उतरून, पारापाशी उभे राहून त्यांनी मोठ्याने सांगितलं की बैलाच्या पायाला लागलं होतं, भानुदासनं वाचवला, पुन्हा कोणी उलटं बोललं तर माझ्याशी गाठ आहे. सलीमभाईंचं नाव घेतलं नाही. मोठ्या आवाजालाही गप बसता येतं तर.

चक्कीवरच्या दोघींपैकी एक ब्लाऊज घेऊन आली. मी घेतला. शिलाई नेहमीचीच लावणार. मनात आलं होतं जास्त लावावी.

संध्याकाळी भिंतीपलीकडे आवाज सुरू झाला. मग थांबला. मग ह्यांनी जरा मोठ्याने विचारलं, "आयकून राह्यली का?"

मी म्हटलं, "हो."

"मंग इकडंच ये ना."

गेले. ढेपेच्या पोत्यावर बसले. फार काही बोलणं झालं नाही. तेजूच्या नोकरीचं थोडं. पण मला म्हणाले, बैलाला नाही.

१० फेब्रु.

सलीमभाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. हे दोन दिवस तिथेच होते, दवाखान्याच्या बाकावर. तेजूने फोनवरून सगळं समजावलं, थेंब कधी टाकायचे, वाकायचं नाही, धुरळ्यात जायचं नाही. सलीमभाई म्हणे, "पोट्टी बापाच्या वाटचं बी बोलते." दुसरा डोळा महिनाभराने. तोवर हातोडा बंद. घरच्यांनी लपवून ठेवलाय म्हणाले.

१६ फेब्रु., रवि.

कारंज्याकडचा पट. सोन्या बरा झाला, डॉक्टरांनी पाहून सांगितलं, तरी हे शेवटपर्यंत पळवावं की नाही करत होते. ह्या वेळी पाटलांच्या कानात सांगून करत होते. पाटील मान डोलावत.

जोडी पळाली. दुसरा नंबर. पहिला सुदामच्या जोडीचा, केसभर फरकाने. सुदाम धावत येऊन ह्यांना कवटाळून गेला, गॉगल पडला त्याचा.

मग स्टेज. "जोडी तयार करनारे भानुदासभाऊ!" हे जागचे हलले नाहीत. माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत इतकं स्पष्ट काही त्यांनी मला सांगितलं नसेल. मी म्हटलं, मी? मान हलवली.

गेले. चपलेचा अंगठा पायरीत अडकला. माइक हातात घेतला, तो खूप गार होता. म्हटलं, "मी वंदना. कपडे शिवते. जोडी हे तयार करतात, पण माइकवर बोलत नाहीत, त्याला घमेंड समजू नका." पुढे काय बोलायचं सुचेना. मग म्हटलं, "ते घरी फार बोलतात."

इतक्या टाळ्या. खाली पाटलांचा आवाज सगळ्यांच्या वर. हे कुठे दिसेनात. नंतर कळलं, छकड्यामागे जाऊन उभे होते.

टेम्पोत म्हणाले, "ते शेवटचं कायले सांगतलं?"

"खरं हाय म्हनून."

जऊळक्याचं रेल्वे फाटक लागेपर्यंत गप. मग म्हणाले, "दुसरा बी काही वाईट नाई."

२३ फेब्रु., रवि.

आज चार जण आले. जऊळक्याकडचे, पुढच्या रविवारी त्यांच्याकडे पट. आम्हाला वाटलं जोडी मागायला आलेत. तसं नव्हतं. त्यांना पंच हवाय. गेल्या वेळी निकालावरून भांडण झालं, काठ्या निघाल्या होत्या म्हणे. ह्या वेळी सगळ्यांनी मिळून एक नाव काढलं. ह्यांचं. "भानुभाऊ, तुमी कोनाची जोडी चांगली म्हनत नाई, कोनाची वाईट म्हनत नाई. तुमी निकाल देल्ला त कोनी भांडनार नाई."

हे ऐकत होते. तो पुढे म्हणाला, "फकस्त एक. निकाल माइकवर सांगा लागते. मोठ्यानं. अन् कोनी इचारलं त उत्तर द्या लागते."

मला वाटलं आता "बैल तहानले" होणार. ह्यांनी चहाचा कप ठेवला, म्हणाले, "इचार करून सांगतो." "हो" म्हणाले नाहीत, "नाही"ही म्हणाले नाहीत. आलेले म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत फोन करा, नाही तर आम्हाला दुसरा पाहावा लागेल.

ते गेल्यावर मला विचारलं, "तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "मले वाटते तुमाले जमते."

उठून बैलांना पाणी पाजायला गेले.

२४ फेब्रु., सोम.

दुपारी भाकरी घेऊन वावरात गेले. बांधावरून पाहिलं तर हे हरभऱ्याच्या मधोमध उभे, पाठ माझ्याकडे, एक हात वर. आणि ओरडत होते. "जोडी... नंबर... सात!" थांबले. घसा खाकरला. पुन्हा, आणखी मोठ्याने. "जोडी नंबर सात! दुसरा!" मग कोणीतरी वाद घालतंय असं गृहीत धरून, मान हलवून, "नाई भाऊ. म्या पाह्यलं. दुसराच."

मी टोपलं खाली ठेवलं, त्याचा आवाज झाला. वळले. कान लाल.

"पाखरं हाकलून राह्यलो," म्हणाले.

हरभऱ्यात एक पाखरू नव्हतं. मी म्हटलं, "हो, लय झाले यंदा."

जेवले. मी आंब्याखाली वही घेऊन बसले. आता ऊन उतरतंय, ह्यांनी फोन अजून केलेला नाही. पण खिशातून काढून दोनदा बघितला.